नात्याच्या कपाटातला मामा

पीएच.डी. करणारा माणूस ग्रंथालयात शिरला की आधी पुस्तकं बघत नाही, पंखा बघतो. कोणता फिरतो आणि कोणता नुसता लटकतो हे त्याला पहिल्याच दिवशी कळतं, आणि फिरत्या पंख्याखालचं टेबल तो मग वर्षानुवर्षं सोडत नाही. भंडाऱ्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी शिपाई म्हणून लागलो आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झालो. तेवढ्या काळात त्या टेबलावर किती जण डॉक्टर झाले ते मी मोजलं नाही. जे झाले नाहीत ते लक्षात आहेत.

माझं शिक्षण सातवी, तीही गुरुजींच्या मेहेरबानीनं. आंधळगावला आमच्या घरी हातमाग. बाप म्हणायचा, "मागावर बस नाई तं शाळेत बस, पण घरात बसू नको." मागावर माझे पाय पुरत नव्हते म्हणून शाळेत गेलो. पाय पुरायला लागले तेव्हा मागच बंद पडत चालले होते. तेव्हा माझं लिहिणं असंच, बोलल्यासारखं. संपादक साहेबांना सांगून ठेवलंय, शुद्धलेखन सुधारा, पण मजकुराला हात लावू नका.

बाहेरच्या लोकांना वाटतं, ग्रंथालयाचा शिपाई म्हणजे झाडू मारणारा. झाडू मारायचाच. पण खरं काम पुस्तक जागेवर ठेवण्याचं. पुस्तक हरवतं ते चोरीनं कमी, आणि चुकीच्या कपाटात गेल्यानं जास्त. चोरलेलं निदान कोणीतरी वाचतो. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक जिवंतपणी मेलं. म्हणून माझे दोन नियम होते. ज्या जागेचं पुस्तक त्या जागी, आणि स्लिपवर सही केल्याशिवाय पुस्तक दाराबाहेर नाही. एकदा प्राचार्य साहेब हातात पुस्तक घेऊन निघाले तर मी दारात उभा राहिलो. ते म्हणाले, "अरे, मी प्राचार्य आहे." मी म्हटलं, "तुम्ही आहात जी, पण पुस्तक कॉलेजचं आहे." सही करून गेले. त्या दिवसापासून मला अडेलतट्टू हे नाव पडलं. मला ते आवडलं.

आता संशोधकांना एक यादी करावी लागते, ती काय असते ते सांगतो, कारण पुढची गोष्ट तिच्यावरच आहे. तिला सटीप संदर्भसूची म्हणतात. सोयरीक जुळवताना आपण चौकशी करतो तसं समजा. आधी आडनाव, मग नाव, मग गाव, मग साल. ही झाली साधी यादी. पण एवढ्यावर कोणी पोरगी देत नाही. माणूस कसा आहे, काय पितो, आपल्या उपयोगाचा आहे का, हे कोणीतरी जाऊन, बसून, पाहून यावं लागतं. तसं प्रत्येक पुस्तक, प्रत्येक प्रबंध वाचून त्याच्या नावाखाली चार-पाच ओळी लिहायच्या. यात काय सांगितलं आहे, कुठं कमी पडतं, माझ्या विषयाला काय कामाचं. न पाहता सोयरीक करणारेही असतात. पुस्तक घ्यायचे, चहा पिऊन येईपर्यंत टीप तयार. मागच्या पानावरचा मजकूर उतरवायचा आणि पुस्तक परत. त्या पुस्तकांवरची धूळसुद्धा हललेली नसायची.

एक गृहस्थ आले होते, स्वभावानं गरीब. हातात कोणाच्या तरी जुन्या प्रबंधाची यादी. म्हणाले, "मारोतराव, ह्या 'तत्रैव' नावाच्या लेखकाची सगळी पुस्तकं काढा. फार मोठा अभ्यासक दिसतो, पानोपानी आहे." मी 'त'चा कप्पा काढला. दोघांनी मिळून दुपारभर तत्रैव शोधला. तांबे सापडले, तेलंग सापडले, तत्रैव नाही. संध्याकाळी संस्कृतच्या मॅडम आल्या तेव्हा कळलं की तत्रैव म्हणजे 'तिथंच', वरच्याच पुस्तकात. आम्ही दोघंही हसलो. ते गृहस्थ पुढे डॉक्टर झाले.

ही सगळी यादी कशासाठी, तर शेवटी एक वाक्य लिहिता यावं म्हणून. 'प्रस्तुत विषयावर यापूर्वी संशोधन झालेले नाही.' हे वाक्य प्रत्येकाच्या वहीत मी पाहिलं. करुणाच्या वहीतही होतं.

करुणा चिखल्याची. बाप मँगनीजच्या खाणीत खाली उतरून काम करणारा. खाणीच्या कॉलनीतून निघायची, तुमसरला गाडी बदलायची आणि कॉलेज उघडायच्या आधी पायरीवर हजर. "जयभीम काकाजी" म्हणायची, मी नमस्कार म्हणायचो. पाण्याची बाटली घरून आणायची. बऱ्याच दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की ती माठाला हात लावत नाही. मी म्हटलं, "काहून व पोरी, आमच्या माठाचं पाणी कडू आहे काय?" ती म्हणाली, "तसं नाई काकाजी. शाळेत असताना एकदा बोलणी खाल्ली होती." मी म्हटलं, "माठ कॉलेजचा आहे, माह्या बापाचा नाई." त्या दिवसापासून बाटली बंद झाली.

तिचा विषय मामा तलाव. भंडाऱ्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हा आईचा भाऊ नव्हे. माजी मालगुजारी तलाव, त्याचं मा. मा. झालं आणि तेच नाव पडलं. मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या काळात बांधलेले, धानाला पाणी देणारे. आमच्याकडे सरकारी साहेबापासून म्हशी धुणाऱ्या पोरापर्यंत सगळे मामा तलावच म्हणतात. जिल्हा फुटला तेव्हा कितीतरी तलाव गोंदियाकडे गेले, त्यांच्यावरची पुस्तकं मात्र आमच्याच कपाटात राहिली. करुणानं मोहाडी आणि तुमसरकडची गावं धरली होती. तलावाचं पाणी गावानं आपसात कसं वाटून घेतलं, कोणाची पाळी आधी, भांडण झालं तर कोण मिटवायचं. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकायला ती गावोगाव उन्हातान्हात फिरली. चपला तुटल्या की मला दाखवायची. "काकाजी, हा जोडा आंधळगावनं खाल्ला."

तिचे मार्गदर्शक आमच्याच कॉलेजचे. आमचे ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर जागा भरली गेली नाही आणि ग्रंथालयाचा प्रभारही ह्या सरांकडेच आला. म्हणजे तिचे गुरू आणि माझे साहेब एकच. सर वाईट नव्हते. घाईतले होते. करुणाची मुदत संपत आली होती आणि तिचा प्रबंध टायपिंगला जायच्या बेतात होता. तिकडे एका कॉलेजात जागा निघणार होती. पीएच.डी. हातात असेल तर ती जागा तिचीच, असं सर सगळ्यांना सांगायचे.

अशात एका कपाटाला उधई, म्हणजे वाळवी लागली. समाजशास्त्राचं कपाट, खालचा कप्पा. कुटुंब, विवाह, नातेसंबंध. सगळी पुस्तकं मी व्हरांड्यात उन्हात काढली आणि एकेक झटकत बसलो. त्यात एक जाड काळा प्रबंध निघाला. पाठीवर सोनेरी अक्षरं. 'मामा : एक अध्ययन'.

मला हसू आलं. म्हटलं, लोक मामावरही डॉक्टर होतात! कोणाचा मामा म्हणून उघडला, तर आत मोहाडीचा नकाशा. तलाव, पाट, बांध. प्रबंध हिंदीत होता. आमच्याच कॉलेजच्या एका जुन्या प्राध्यापकांनी पलीकडच्या राज्यातल्या विद्यापीठात सादर केलेला. ते वारल्यावर घरच्यांनी त्यांची पुस्तकं पोत्यात भरून कॉलेजला दिली होती, त्यातला हा. बाइंडरला पूर्ण नाव पाठीवर मावलं नसेल, आणि आमच्या बाइंडरला वाटलं असेल की मामा म्हटलं की झालं, कोणाला कळत नाही? तेव्हाचे ग्रंथपाल पश्चिमेकडचे. त्यांनी पाठ वाचली आणि मामाला नात्यात बसवला. ते तसे हुशार माणूस, पण त्यांच्या गावात मामा म्हणजे मामाच.

मी आनंदात उठलो. खरं सांगतो, आनंदात. मनात म्हटलं, पोरगी खूश होईल. पंख्याखालच्या टेबलावर नेऊन ठेवला. "घे व करुणा, तुह्या कामाचा माणूस सापडला. मामाच्या घरी लपून बसला होता."

ती हसली, उघडला, आणि मग हसणं हळूहळू उतरलं. दिवसभर तिनं मान वर केली नाही. डबा तसाच. दुपारी मी चहा आणला तर म्हणाली, "काकाजी, हे गाव वाचा बरं. हे, अन् हे." मी गावांची नावं वाचत गेलो. तीच गावं. तिनं एकदा नकाशा पुढे ओढला आणि घाईघाईनं म्हणाली, "हा जुन्या भंडारा जिल्ह्याचा आहे न? म्हणजे गोंदियाकडचेच तलाव जास्त असतील." आम्ही दोघं पानं उलटत बसलो. गोंदियाकडचा एकही नाही. सगळे मोहाडी-तुमसरचे. शेवटी एका पानावर तिचं बोट थांबलं. तिनं ज्या म्हाताऱ्याकडून पाळीच्या भांडणांची गोष्ट ऐकली होती, तोच माणूस त्या प्रबंधात होता. तिथं तो जवान होता.

"झालं," ती म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक सिंचनाच्या कपाटात, त्याच्या हक्काच्या जागी लावलं. करुणानं सरांना सांगितलं असावं, दुपारी ते आले.

"मारोतराव, तो प्रबंध माझ्या केबिनमध्ये आणून ठेवा."

"हाव सर. स्लिप द्या."

"कसली स्लिप? प्रभारी मी आहे."

"म्हणूनच तं. प्रभाऱ्यानंच नाई देल्ली तं पोट्टे कायले देतीन?"

सरांनी खिशातून पेन काढलं. थोडा वेळ हातात धरलं आणि परत खिशाला लावलं. सही केली असती तर हे पुस्तक त्यांनी पाहिलं, हे कागदावर आलं असतं. ते करुणाच्या टेबलाकडे गेले. आवाज लहान केला, पण ग्रंथालयात लहान आवाजच जास्त ऐकू येतो. "तुला ते दिसलंच नाही, समजलं? दुसऱ्या विद्यापीठाचं, दुसऱ्या भाषेतलं. बाहेरून येणारे परीक्षक काय नात्याच्या कपाटात शोधायला जाणार आहेत?"

"आता ते नात्याच्या कपाटात नाही सर," करुणा म्हणाली.

सर माझ्याकडे बघून निघून गेले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती माझ्या स्टुलाजवळ येऊन उभी राहिली. तिनं मला आजवर काही मागितलं नव्हतं. एखादं पुस्तक एक दिवस जास्त ठेवायलाही नाही.

"काकाजी, दोन महिने फक्त. माहा प्रबंध जमा होऊ द्या. तोवर ते पुस्तक होतं तिथंच राहू द्या न. इतके वर्षं होतंच न तिथं."

"पोरी, तिथं ते चुकून होतं," मी म्हटलं. "आता मी ठेवलं तं चुकून नाई राहत."

"दोनच महिने, काकाजी."

"दोन दिवस असते तरी नाई."

मग "बरं" म्हणाली, पिशवी उचलली आणि शेवटची गाडी धरायला गेली. ती रडली असती तर मी काय केलं असतं कोणास ठाऊक. ती रडली नाही.

आठवड्यानं आली ती एक कागद घेऊन. "हे वाचा. यात खोटं काही असलं तं सांगा." यादीतली एक टीप होती. वर त्या प्राध्यापकांचं नाव, प्रबंधाचं नाव, साल. खाली पाच ओळी. मला त्या पाठ आहेत.

'या प्रबंधात मोहाडी व तुमसर भागातील मामा तलावांची आणि त्यांच्या पाणीवाटपाची तपशीलवार पाहणी यापूर्वीच झालेली आहे. प्रस्तुत संशोधिकेने निवडलेली बहुतेक गावे यात आहेत. मुलाखत दिलेली एक व्यक्तीही समान आहे. प्रस्तुत संशोधन या प्रबंधाची माहिती नसताना झाले. माहिती असती तर ते याच्या पुढून सुरू झाले असते.'

"खोटं काही?"

"नाई."

"मंग ठीक आहे," म्हणाली आणि कागद घडी करून सरांच्या केबिनकडे गेली.

सरांनी प्रबंधावर सही केली नाही. एक तर ही नोंद काढ, नाही तर विषय बदल, म्हणाले. तिनं नोंद काढली नाही. तेवढ्यात मुदत संपली. ती जागा निघाली आणि दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. काही दिवसांनी पंख्याखालच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेची पोरं बसायला लागली. मला वाटायचं, येईल. ती आली नाही.

आला तो तिचा बाप.

मी पुस्तकं लावत होतो. दारात एक माणूस, पांढरा शर्ट, काखेत कापडात बांधलेला गठ्ठा. नखांत खाणीचा काळा रंग तसाच. "मारोतराव तुम्हीच का जी?" मी म्हटलं, हाव, बसा. तो बसला नाही.

"मी करुणाचा बाप. रद्दीवाल्याले द्याले काढलं होतं तिनं हे. मी उचलून आणलं. तुमच्या इथं ठेवता येते का?"

गठ्ठा सोडला. तिचा सगळा प्रबंध, हातानं लिहिलेला, आणि वर ती यादी. मी म्हटलं, "भाऊ, जो प्रबंध विद्यापीठात जमाच नाई झाला त्याले नंबर भेटत नाई. नंबर नाई तं कपाटात जागा नाई."

तो कपाटांकडे बघत राहिला. "ते पुस्तक कोणतं जी? मले दाखवा."

मी नेऊन दाखवलं. त्यानं हात लावला नाही. मान वाकडी करून पाठीवरची सोनेरी अक्षरं एक एक जुळवली. मा. मा. मग विचारलं, रागानं नाही, दुकानात भाव विचारावा तसं, "दोन महिने इकडचं तिकडं राहिलं असतं तं तुमचं काय जात होतं?"

"माह्यं काही नाई. पुस्तकाची जागा जात होती."

"भेटली न त्याले जागा?"

"भेटली."

"माह्या पोरीले नाई भेटली," तो म्हणाला. "जयभीम." आणि गठ्ठा टेबलावर तसाच ठेवून जिना उतरून गेला. मी हाक मारली. खाणीत काम केलेल्या माणसाला ऐकू कमी येतं म्हणतात. त्याला ऐकू आलं असावं.

नियमानं तो गठ्ठा ग्रंथालयात राहू शकत नव्हता. मी तो घरी आणला. निवृत्त झाल्यावर वाचायला घेतला. मी हळू वाचतो, बोट ठेवून. जिथं अडलं तिथं कॉलेजात जाऊन त्या काळ्या प्रबंधातलं पान पाहून यायचो. आणि मला असं दिसायला लागलं की ही दोन पुस्तकं एक नाहीत. प्राध्यापकांनी लिहिलं होतं, ह्या तलावाचं पाणी अमुक पाळीनं सुटतं. करुणानं त्याच तलावाबद्दल लिहिलं होतं की पाळी मोडली, पाट बुजला, आणि पाणी सोडणाऱ्या घरातला पोरगा बांधकामावर नागपूरला गेला. एकानं जिवंत पाहिलं होतं ते दुसरीनं मेलेलं पाहिलं होतं. मला वाटलं, हे सांगितलं असतं तर तिचं काम वाचलं असतं! रात्रभर झोप नाही. सकाळी उठलो आणि तिच्याकडे गेलो.

वैनगंगेच्या पुलापलीकडं, कारध्याला, एका खाजगी शाळेत ती शिकवते असं कळलं होतं. मधल्या सुट्टीत भेटली. केस पांढरे व्हायला लागलेले. "काकाजी, तुम्ही? इतक्या उन्हात?" तिनं आतून पाणी आणून दिलं. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. तलाव, पाट, पाळी, जिवंत आणि मेलेलं. तिनं मध्ये तोडलं नाही.

"मले माहीत होतं काकाजी," ती म्हणाली. "सरांलेही माहीत होतं. विषय बदल म्हणाले तेव्हाच म्हणाले होते, तेव्हाचं अन् आताचं, असा विषय कर."

"मंग काहून नाई केला?"

"तो नवीन विषय झाला असता. नवीन नोंदणी, अन् सगळे गावं पुन्हा पहिल्यापासून. बाबा रिटायर होऊन राहिले होते, लहाना भाऊ शिकत होता. कमवाचं मलेच होतं. मले दोन महिने पाहिजे होते. दोन-चार वर्षं माह्याजवळ नव्हते."

पुलावरून घोकत आणलेलं सगळं तिला आधीच ठाऊक होतं. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"गठ्ठा परत आणून देऊ काय?" मी विचारलं.

"कायले?" सुट्टी संपल्याची घंटा झाली. पोरं पळत वर्गात शिरली. ती उठली, पदर सारखा केला. "राहू द्या तुमच्याजवळच. तुम्ही एकदा ठेवलेली वस्तू हलवत नाई, मले माहीत आहे."

हे ती हसून बोलली की टोचून, ते मला तेव्हा कळलं नाही, अजून कळलं नाही. तुम्ही विचाराल, पुन्हा तीच वेळ आली तर काय करशील. पुस्तक त्याच्या जागीच लावीन. हेही लिहितो आणि तिच्या बापाचं बोलणं रोज ऐकू येतं हेही लिहितो. दोन्ही खरं आहे.

गठ्ठा आंधळगावला माझ्या घरी आहे. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळतो, बाकी दिवस उघडा असतो. मामा तलावांवर कोणी संशोधन करत असेल तर त्यानं यावं. बसायला खाट आहे, चहा मिळेल. मात्र आपल्या यादीत करुणाचं नाव घालावं लागेल, आणि नावाखाली चार ओळी, वाचून लिहिलेल्या. तेवढं कबूल नसेल तर येऊ नये.